चंद्राची पांढरी कड

१

सोमवारी सकाळी साडेनऊला चौकट जागेवर होती, काच जागेवर होती, खालची पितळी पट्टीसुद्धा जागेवर होती. नव्हतं ते फक्त चित्र.

पट्टीवर कोरलं होतं : ‘चंद्र वाळत घातला – मूळ चित्र’. वर काचेआड करड्या रंगाचा पुठ्ठा. आमच्या साहेबांनी आधी पुठ्ठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे. पिशवीत डबा आणि छत्री होती. साहेबांनी तीही उघडून बघितली.

‘चंद्र वाळत घातला’ ही चाळीस वर्षांपूर्वीची रॉकची तबकडी. गाणी आठ. त्यांतली दोन लोकांना पाठ आहेत आणि उरलेल्या सहांबद्दल लोक आदरानं बोलतात. मुखपृष्ठ मात्र सगळ्यांना पाठ आहे. एक गच्ची, आडवी बांधलेली दोरी, दोरीवर चिमटे लावून वाळत घातलेली गिटार, एक ढोल, चार सदरे आणि मधोमध निथळणारा पिवळा चंद्र. चंद्राच्या उजव्या अंगाला नखाएवढी बारीक पांढरी कड. या कडेवर आजवर तीन परिसंवाद झाले आहेत. ती दंडावर गोंदवून घेतलेले लोक मी स्वतः पाहिले आहेत. नव्या आवृत्तीच्या पुस्तिकेत मीही तिच्यावर दोन पानं लिहिली होती : ‘ही कड म्हणजे एका पिढीची न सुकलेली बाजू.’ वाक्य लिहून झाल्यावर मी ते स्वतःलाच दोनदा वाचून दाखवलं होतं.

बुधवारी ही आवृत्ती छापायला जायची होती. जुन्या मुखपृष्ठावर चित्रकार म्हणून फक्त ‘स्टुडिओ’ एवढंच छापलं होतं आणि तो स्टुडिओही कधीच बंद पडला. या वेळी मात्र चित्रकाराचं नाव पहिल्या पानावर द्यायचं ठरलं होतं. नाव होतं ड्रमरचं. चित्र त्याच्याकडे सापडलं, म्हणून ते त्यानंच काढलं असणार, असा साहेबांचा हिशेब. साहेब त्या काळी बँडचे व्यवस्थापक होते. आता तबकडीच्या कंपनीचेच मालक आहेत, त्यामुळे त्यांचे हिशेब बरोबर येतात.

“काल सुट्टी होती,” साहेब म्हणाले. “चाव्या चौघांकडे. मी, ड्रमर, गायिका आणि तू. तुझी कुठे असते?”

“घरी. खुंटीला.”

“घरी आणखी कोण असतं?”

“मावशी.”

साहेबांचा चेहरा उजळला. “शनिवारी तुझा डबा घेऊन आल्या होत्या, त्याच ना? या चित्रासमोर उभ्या राहिल्या होत्या. मी पाहिलंय. अगदी नाक लावून बघितलं आणि...”

“आणि काय?”

“हसल्या. मोठ्यानं. वर मला म्हणाल्या, ‘रंग छान लावलेत हो!’ आणि निघून गेल्या. या चित्राला आजवर कोणी हसलेलं नाही. बुधवारी छपाई सुरू होईपर्यंत चित्र परत आलं नाही, तर मी पोलिसांत जाणार आणि तुझ्या मावशीचं नाव सांगणार.”

तेवढ्यात दार वाजलं. गळ्यात बुटाच्या नाडीला भिंग अडकवलेले एक गृहस्थ दारात उभे होते.

“चित्राचे रंग तपासायला बोलावलं होतं,” ते म्हणाले. “चित्र कुठाय?”

२

त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. छापखान्याच्या कॅमेरा विभागात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्तीनंतरही रंगाचं नाजूक काम असलं की छापखाना त्यांनाच धाडायचा. छपाईआधी त्यांनी मूळ चित्र डोळ्यांखालून घालायचं, असं ठरलं होतं.

चित्र नाही हे कळल्यावर त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. चौकट उतरवून त्यांनी उलटी केली. मागच्या पुठ्ठ्याला असतात ते बारीक खिळे काढलेले होते. आठही खिळे खिडकीच्या कट्ट्यावर, घडी घातलेल्या पातळ कागदावर, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं मांडून ठेवले होते. लाकडावर ओरखडा नव्हता.

“व्यवस्थित माणूस आहे,” भिंगकाका म्हणाले. “मी असतो तर पक्कड घालून फाडलं असतं. या चित्राचा फोटो आहे का?”

लेखासाठी मी जवळून घेतलेले फोटो माझ्या फोनमध्ये होते. काकांनी फोनवर भिंग धरलं. गिटार बघितली, ढोल बघितला, चंद्रावर आले आणि तिथेच थांबले. इतका वेळ थांबले की चहा आला आणि निवलासुद्धा.

“ही पांढरी कड,” शेवटी त्यांनी विचारलं, “या चित्रातही आहे?”

“म्हणजे काय! तीच तर सगळ्यात महत्त्वाची,” साहेब म्हणाले. “ब्रशनं किती नाजूक सोडलीय बघा.”

“बघतोय,” काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. “हे तुम्हाला मिळालं कधी?”

“माझ्या पन्नाशीला. पंधरा वर्षं झाली. ड्रमरला माळ्यावर सापडलं, त्यानं भेट दिलं. त्याच्या मोठेपणाला तोड नाही.”

“आणि मी आज येणार हे कोणाला माहीत होतं?”

“शुक्रवारी आम्ही सगळे भेटलो तेव्हाच ठरलं. ड्रमर होता, गायिका होती, हा होता.”

“यांच्या मावशी?”

“घरी मी सांगितलं होतं,” मी म्हणालो. खरं बोलायची सवय माणसाला कुठे नेऊन ठेवते बघा.

काकांनी चार कोरे कागद आणि चार पाकिटं मागितली. “चोर शोधायला मला बुधवारपर्यंत वेळ द्या. एकच प्रश्न विचारीन, सगळ्यांना तोच. चित्रातली दोरी दोन्ही बाजूंना कडेच्या बाहेर जाते. ती पुढे कशाला बांधली आहे? उत्तर लिहा नाहीतर काढा, आणि पाकीट बंद करा.”

“याचा चोरीशी काय संबंध?” साहेबांनी विचारलं.

“चोरीशी नाही,” काका म्हणाले. “चोरीपेक्षा मोठ्या गोष्टीशी आहे.”

३

साहेबांनी जागच्या जागी कागदावर काहीतरी लिहिलं, त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि पाकीट चिकटवलं. मग काका मला म्हणाले, “चला लेखक.” मावशीवर आळ आल्यापासून मी काकांच्या बाजूचा की संशयित, हे मला कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही.

आधी गायिकाबाईंकडे गेलो. आवाज जपण्यासाठी त्या गेली वीस वर्षं कुजबुजतच बोलतात. त्यांच्यासमोर बसलं की आपणही कुजबुजायला लागतो.

“चित्र गेलं?” त्या कुजबुजल्या. “छान झालं.”

“छान का?” काका कुजबुजले.

“त्याचं नाव पहिल्या पानावर! अहो, चंद्राची कल्पना माझी. पावसाचं गाणं म्हणताना मी म्हटलं होतं, आजचा चंद्र ओला वाटतोय. ड्रमर तेव्हा भजी खात... छे, काहीतरी खात होता.”

“मग चित्र तुम्ही नेलंत?”

“मला न्यायचं असतं तर मी चौकटीसकट नेलं असतं. चौकट चांगली आहे.” कागदावर त्यांनी एक ओळ लिहिली आणि पाकिटाला ओठ लावून ते बंद केलं. पूर्वी चाहत्यांना पत्रं पाठवायच्या तसं.

तिथून ड्रमरकडे. ड्रमर आता दातांचे डॉक्टर आहेत. ढोल बडवून कमावलेलं मनगट त्यांना दाढा काढताना उपयोगी पडतं, असं ते स्वतःच सांगतात. आम्ही गेलो तेव्हा खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता.

“चित्र गेलं हे ऐकून मला धक्का बसला,” डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “मोठं उघडा. तुम्हाला नाही, यांना.”

“काढायला किती दिवस लागले होते हो?” काकांनी सहज विचारलं.

“तीन महिने. रविवारी रविवारी. चिमटे फार त्रासदायक. म्हणजे... तेव्हाचं आता कुठे आठवतं!”

“आँ आँ!” खुर्चीतला पेशंट उत्साहानं म्हणाला आणि त्यानं बाही वर केली. दंडावर चंद्र होता, कडेसकट.

“हे तुमचे चाहते?” काकांनी विचारलं.

“सगळेच,” डॉक्टर खिन्नपणे म्हणाले. “दाढ काढायच्या आधी सही मागतात.”

डॉक्टरांच्या हाताशी ट्रे होता. त्यात घडी घातलेल्या पातळ कागदावर हत्यारं ओळीनं मांडलेली होती, लहानापासून मोठ्यापर्यंत. काकांनी ट्रेकडे बघितलं आणि लगेच नजर छताकडे वळवली. डॉक्टरांनी कागदावर पट्टी ठेवून काहीतरी आखलं आणि विचारलं, “याला वेळेची मर्यादा आहे का?”

शेवटी आमच्या घरी. मावशी खिडकीपाशी बसून फडताळात घालायचा कागद कापत होती. पट्टी नाही, रेघ नाही, हातात नुसतं ब्लेड. कापलेली कड दोऱ्यासारखी सरळ. लहानपणापासून मी हे बघत आलो होतो, त्यामुळे मी ते कधीच बघितलं नव्हतं. काका मात्र ब्लेडकडे बघत उभेच राहिले.

“मावशी, तुझ्यावर चोरीचा आळ आहे,” मी म्हणालो.

“बस तरी आधी,” मावशी म्हणाली. “काय चोरलं मी?”

“ऑफिसातलं चित्र. तू त्याला हसलीस, असं साहेब म्हणतात.”

“हसले ना. तू हसला नाहीस? तुझे डोळे तपासून घे.”

काकांनी प्रश्न विचारला. दोरी कशाला बांधली आहे? मावशीनं कागद घेतला, पाठ फिरवली, पेन्सिलीनं अर्ध्या मिनिटात काहीतरी काढलं आणि पाकीट देताना पुन्हा हसली.

“बाई, तुम्ही पूर्वी कुठे कामाला होतात?” काकांनी विचारलं.

“पुलाजवळच्या स्टुडिओत. अकरा वर्षं. कागद कापायचे, चिकटवायचे. याची आई सगळ्यांना सांगायची, ‘ती डिंकाच्या कारखान्यात आहे.’”

काकांनी पाकीट खिशात घातलं. जिना उतरताना मध्येच पायरीवर बसले, भिंग रुमालानं पुसलं आणि मग डोळेही पुसले.

“चोर सापडलाय, लेखक,” ते म्हणाले. “बुधवारी सगळ्यांना छापखान्यात बोलवा. पण चोराचं नाव सांगण्याआधी दुसऱ्या एका गुन्हेगाराला कबुली द्यायची आहे.”

“कोणाला?”

“मला.”

४

बुधवारी सकाळी अकरा वाजता आम्ही छापखान्यात मशीनपाशी जमलो. शाई, केरोसीन आणि नव्या कागदाचा वास. तिथले कामगार हात पुसत भोवती उभे राहिले. साहेबांनी पोलिसांचा नंबर फोनवर काढून ठेवला होता.

“चाळीस वर्षांपूर्वी रंगीत चित्र कसं छापायचे, ते आधी सांगतो,” काकांनी सुरुवात केली. “चित्रकार जाड पुठ्ठ्यावर फक्त काळ्या शाईनं रेषा काढायचा. वर पारदर्शक कागद, एका रंगाला एक. पिवळा जिथे हवा तिथे त्या कागदावर काळं भरायचं आणि कोपऱ्यात लिहायचं, ‘हे पिवळं’. कॅमेऱ्याला काळंच कळतं. त्याची फिल्म, फिल्मवरून प्लेट, आणि रंग चढायचा तो थेट मशीनवर. म्हणजे या मुखपृष्ठाचं मूळ चित्र रंगीत नव्हतंच. तसं चित्र जगात कधी अस्तित्वातच नव्हतं.”

साहेबांनी फोन हळूच खाली केला. “मग माझ्या भिंतीवर काय होतं?”

“तेच मावशींनी शनिवारी एका नजरेत ओळखलं. ‘रंग छान लावलेत’ म्हणाल्या ना? रंग आहेत यालाच त्या हसल्या. ज्यांना ते चित्र खोटं आहे हे माहीत आहे, त्या ते कशाला चोरतील?”

“पण खोटं कशावरून? कोणीतरी नंतर रंगवलं असेल,” गायिकाबाई कुजबुजल्या.

“पांढऱ्या कडेवरून,” काका म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला. “ती कड चित्रकारानं काढलेली नाही. तबकडीच्या कामावर कॅमेऱ्यापाशी मी होतो. दुपारी जेवून आलो होतो, जरा डुलकी लागली. पिवळ्याचा कागद केसभर सरकला आणि चंद्र रेषेच्या आत बसलाच नाही. उजवीकडे पांढरं राहिलं. कळलं तेव्हा हजारो प्रती बाहेर गेल्या होत्या. मी नोकरी जायची वाट बघत बसलो. त्याऐवजी वर्तमानपत्रात आलं, ‘ओल्या चंद्राची अलौकिक कड’. मग काय बोलणार? तीनही परिसंवादांना मी शेवटच्या रांगेत होतो.”

माझी दोन पानं माझ्या डोळ्यांसमोरून सावकाश गेली.

“ज्यानं ती कड ब्रशनं रंगवली, त्यानं छापील मुखपृष्ठ समोर ठेवून नक्कल केली. मूळ चित्रात ती असूच शकत नाही. नक्कल मला भिंगातून ओळखू येणार, एवढं ज्याला कळलं त्यानं माझ्या येण्याआधी चित्र हलवलं. आठ खिळे लाकडाला न दुखवता उपटले आणि पातळ कागदावर उंचीप्रमाणे ओळीनं मांडले. असे खिळे कोण उपटतं, डॉक्टर?”

सगळ्यांनी ड्रमरकडे बघितलं. त्यांनी सवयीनं आपल्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

“मला फक्त साहेबांना खूष करायचं होतं,” ते म्हणाले. “पन्नाशीला काय द्यावं सुचेना. मला चित्रं काढायचा नाद आहे, पण दातांच्या डॉक्टरचं चित्र भिंतीवर कोण लावणार? म्हणून सांगितलं, मूळ सापडलं. मग ‘तुझ्याकडे होतं म्हणजे तूच काढलंस’ असं हेच म्हणायला लागले. नाही म्हणायला पहिल्या दिवशी उशीर झाला, की मग तो दरवर्षी वाढतच जातो. शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला, एक बाई चित्राला हसल्या म्हणून. त्या रात्री मला झोप नाही. चित्र दवाखान्यात आहे, क्ष-किरणांच्या मशीनमागे. मावशी, तुमच्यावर आळ येईल हे खरंच डोक्यात नव्हतं. दाताचं काही काम असेल तर...”

“माझे सगळे शाबूत आहेत,” मावशी म्हणाली. “पण काढलंयत छान. चिमटे तर माझ्यापेक्षा बरे.”

“माझ्यापेक्षा?” साहेबांनी विचारलं.

“आता पाकिटं,” काका म्हणाले.

साहेबांच्या कागदावर होतं : ‘काळाला’. गायिकाबाईंच्या : ‘माझ्या स्वराला’. डॉक्टरांनी पट्टीनं दोन खांब काढले होते, एकसारखे, अगदी मापात. मावशीच्या कागदावर डावीकडे पाण्याच्या टाकीचा गळका नळ होता आणि नळाला दोरीची गाठ. उजवीकडे आरामखुर्चीत झोपलेल्या माणसाचं पाऊल होतं आणि दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली होती.

“अंगठ्याला?” सगळे एकदम म्हणाले.

“आमचे मालक दुपारी गच्चीवर झोपायचे,” मावशी म्हणाली. “तेव्हाच आम्हाला हवं ते काढता यायचं. कागद संपला तरी माझं चित्र थांबत नसे, मी पुढे काढत जायची. छापताना कडा कापतात, तेव्हा नळ गेला आणि मालकही गेले. मालकांचं वाईट नाही वाटलं, नळ मात्र मी जीव लावून काढला होता.”

काकांनी एक जुनं खाकी पाकीट उघडलं. फिल्म छापखान्याची मालमत्ता, त्यामुळे त्या चाळीस वर्षं गोदामात पडून होत्या. संपूर्ण पुठ्ठ्याची, न कापलेली काळी फिल्म त्यांनी खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर पसरली. गच्ची उजळली, दोरी उजळली. डावीकडे थेंबासकट नळ होता. उजवीकडे अंगठा, नखसुद्धा वाढलेलं.

“या कडेच्या पलीकडचं फक्त दोघांनी पाहिलं होतं,” काका म्हणाले. “ज्यानं फिल्म काढली त्यानं आणि जिनं चित्र काढलं तिनं.”

गायिकाबाई हसल्या. कुजबुजत नाही, चांगल्या खणखणीत, मशीनच्या वर ऐकू येईल अशा. वीस वर्षं जपलेला आवाज असा एका अंगठ्यावर खर्च झाला आणि तो अजून उत्तम होता.

“मावशी,” मी विचारलं, “मी दोन वर्षं या चित्रावर लिहितोय. बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? तू मला वाचून दाखवायचास. ते न सुकलेल्या बाजूचं चांगलं लिहिलंयस. खोटं आहे, पण राहू दे.”

“कड आता दुरुस्त करता येईल,” काका तिला म्हणाले. त्यांचा आवाज परीक्षेला बसलेल्या पोरासारखा झाला होता. “पाच मिनिटांचं काम. तुम्ही म्हणाल तसं.”

“लोकांनी दंडावर गोंदवून घेतलीय हो. ते दंड कुठे दुरुस्त करणार?” मावशी म्हणाली. “आणि कॅमेऱ्यावाले, मी कोपऱ्यात दर वेळी लिहायची, ‘कागद नीट धरा’. ते वाचत होतात की नाही?”

“अकरा वर्षं वाचत होतो,” काका म्हणाले. “त्या एका दुपारी सोडून.”

५

साहेबांना सावरायला दहा मिनिटं लागली. चित्र पुन्हा भिंतीवर लावायचं आणि पितळी पट्टी बदलून तिथे डॉक्टरांचं नाव घालायचं, असं त्यांनी जाहीर केलं. आपलं चित्र आपल्या नावानं लागणार म्हटल्यावर डॉक्टरांनी मावशीचे दोन्ही हात धरले. मग साहेब मावशीसमोर येऊन उभे राहिले, माफी मागण्यासाठी तोंड उघडलं आणि सवयीप्रमाणे आज्ञाच दिली : “नाव बदला रे! पहिल्या पानावर यांचं नाव!”

संगणकावर बसलेल्या मुलीनं डॉक्टरांचं नाव पुसून मावशीचं टाइप केलं आणि कागदावर काढून आणलं. ‘मुखपृष्ठ :’ आणि पुढे नाव, आडनाव. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. कामगारांनीही वाजवल्या. मशीनवाला बटणाकडे निघाला.

“थांबा,” मावशी म्हणाली.

तिनं कागद हातभर लांब धरला, मग जवळ धरला.

“नाव आणि आडनावात हे केवढं अंतर? भांडलेत का दोघं? आणि अक्षर इतकं जाड कशाला? मला दुकान उघडायचं नाहीये.”

“बाई, मशीन तयार आहे,” साहेब म्हणाले. “दुपारपर्यंत माल निघायला हवा.”

“निघेल. कोणाकडे ब्लेड आहे?”

काकांनी खिशातून काढून दिलं. मावशी दिव्याच्या टेबलाशी बसली. मुलीला तिनं तेच नाव सहा मापांत काढून आणायला लावलं, ओळीनं मांडलं आणि एकेक कापून पहिल्या पानाच्या कोऱ्या जागेवर ठेवून बघायला लागली. एक मोठं वाटलं. एक भित्रं वाटलं. एक तिनं उचललं, ठेवलं, केसभर डावीकडे सरकवलं, पुन्हा उजवीकडे आणलं. साहेब घड्याळ बघत होते, गायिकाबाई गुणगुणत होत्या, डॉक्टर टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी ताल धरून होते.

“मावशी, अगं किती वेळ?” मी विचारलं. “दोन शब्द तर आहेत.”

“अकरा वर्षांत साबणाची नावं लावली, औषधांची लावली, मंत्र्यांची लावली,” ती मान वर न करता म्हणाली. “हे कधी लावलंच नव्हतं. कुठल्या मापात बसतं, बघू दे.”

पाऊण तास गेला. शेवटी तिनं नाव बोटानं दाबून बसवलं, मागे सरून एकदा बघितलं आणि कॅमेऱ्यावाल्यांना बोलावलं. काकांनी भिंग लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, पुन्हा परत आणलं.

“सरळ आहे,” ते म्हणाले.

“मग करा सुरू,” मावशी म्हणाली, आणि मशीन सुरू झालं.